साडूंची शिडी

"वारा दोघांचा होता," धाकटा साडू म्हणाला, "मग भाडं एकट्याचं कसं?"

माझ्या ओट्यावर सकाळपासून हाच वाद चालला होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांनी सामाईक शेळी विकून नवऱ्यांना एक लाकडी शिडी घेऊन दिली होती, भाड्यानं फिरवायला. चौदा पायऱ्यांची. गावात दुसरी एवढी उंच शिडी नव्हती. धंदा चालला नाही तर सासऱ्याच्या वीटभट्टीवर चिखल तुडवायला जायचं, असं ठरलं होतं. सासरा जावयांना चारचौघांत 'आमची दोन गाढवं' म्हणायचा, आणि भट्टीवर खरी गाढवंही दोनच होती. त्यामुळे हाक कुणाला मारली ते कळायला वेळ लागायचा.

शिडी एक दिवस थोरल्याची, एक दिवस धाकट्याची, असा करार. पण वाऱ्याला करार कोण सांगणार? थोरल्याच्या दिवशी तो पहाटेच असा सुटला की धुळीनं उजाडलेलं दिसेना, आणि अर्ध्या गावाची कौलं उडाली. शिडी दिवसभर घरोघर फिरली. दुसऱ्या दिवशी धाकटा ती खांद्यावर घेऊन संध्याकाळपर्यंत हिंडला, पण सगळी छपरं शाकारून झाली होती. एका म्हातारीनं तेवढं विचारलं, हिच्यावर धुणं वाळत घालू का.

थोरल्याचं म्हणणं, वारा ज्याच्या त्याच्या नशिबानं येतो. धाकट्याचं म्हणणं, शेळी सामाईक तर नशीबही सामाईक. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. मी पडलो उंटावरचा शहाणा. म्हणालो, "एवढं असेल तर कापा मधोमध."

मी चिडून बोललो होतो. ते दोघं मात्र एकमेकांकडे बघून उठले आणि शिडी उचलून सुताराकडे निघाले. सकाळपासून पहिल्यांदाच दोघांना एक गोष्ट पटली होती.

सुतारानं तीनदा विचारलं, मग कापली. सात पायऱ्या याला, सात त्याला. लगेच नवा तंटा, वरचा भाग कुणाचा? गिऱ्हाईक काम करतं ते वरच उभं राहून, म्हणून दोघांनाही वरचाच हवा. शेवटी काड्या ओढल्या. वरचा धाकट्याला गेला, आणि थोरल्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं.

सात पायऱ्यांवरून छपराला हात लावता येतो, चढता येत नाही. दोन्ही अर्धुकं आठवडाभर आपापल्या भिंतीला टेकून होती. सासऱ्याचा निरोप आला, सोमवारपासून या, येताना जुने कपडे आणा. थोरल्यानं उलट कळवलं, नवे कुठे आहेत.

त्याच दुपारी आभाळ काळं झालं. गिरणीवाल्याच्या छपराचा पत्रा निखळला होता आणि खाली पिठाची पोती. त्यानं दोघांकडून दोन्ही तुकडे आणले, दोरानं बांधले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. सांध्याचा त्याला भरवसा वाटेना. "दोन्ही मालक खाली धरून उभे राहा," तो म्हणाला. "पडलो तर तुमच्यावर पडेन."

राहिले. बोलणं बंद, म्हणून निरोप गिरणीवाल्यामार्फत. थोरला वर बघून सांगायचा, "त्याला म्हणावं, दोर आवळ." गिरणीवाला वाकून ते धाकट्याला पोचवायचा. धाकटा वर बघायचा. "त्याला म्हणावं, आवळलाय, डोळे उघड." पत्रा बसेपर्यंत गिरणीवाल्याची मान आखडली, पण पोती कोरडी राहिली. भाडं त्यानं दोघांना वेगवेगळं, पुरं दिलं.

गावात बोलबाला झाला. नुसती शिडी कुणीही देईल. हिच्यासोबत दोन माणसं येतात, पडलं तर झेलतात, शिवाय करमणूक फुकट. ज्यांचं छप्पर धड होतं तेही काहीतरी निमित्त काढून चढू लागले. सोमवारी भट्टीवर कुणी गेलं नाही. मंगळवारी सासरा स्वतः जावयांना न्यायला आला. धाकट्या लेकीनं त्याला बसवलं, पाणी दिलं.

"आबा, गुरुवारपर्यंत ते रिकामे नाहीत," ती म्हणाली. "वर चढायचं काही काम असेल तर नंबर लावा."

महिना गेला, तरी सुताराच्या मनाला टोचणी होतीच. एक दिवस तो लोखंडी पट्ट्या घेऊन आला. माझ्या हातून पाप झालं, म्हणाला, पैसे नकोत, शिडी पहिल्यासारखी एकसंध करून देतो. तो हातोडी काढायला वाकला तसे दोघं एकदम शिडीपुढे आडवे उभे राहिले. एकसंध शिडीला भाडं एकच मिळतं, हे दोघांनाही कळत होतं.

थोरल्यानं मग महिन्याभरात पहिल्यांदा धाकट्याकडे सरळ बघितलं.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही याचा हात धरा, मी हातोडी घेतो."