आतलं फलन आधी

क्लास सरांचा, दारावरची पाटी सरांची, फळ्यापुढचा रुबाबही सरांचाच. आणि मुलांना छापून दिली जाणारी बीजगणिताची उत्तरं? ती मात्र सरांच्या बायकोची. कॉलेजात दोघं एकाच वर्गात होते. ती पहिली यायची, हे कसेबसे पास व्हायचे. लग्न झालं आणि तिची हुशारी ओट्यावर येऊन बसली. शेगडीवर कुकर, शेजारी कागद, कागदावर बहुपदी.

यंदा मात्र सरांनी शब्द दिला होता. "मुलींची नवी तुकडी तुझी. पालकांच्या सभेत सगळ्यांसमोर सांगतो, मग तर झालं?" बाई लहान पोरीसारखी हरखली. ठेवणीतले कपडे घालून हॉलमध्ये शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

सर रंगात आले होते. एक पालक म्हणाले, "सर, एखादं गणित करून दाखवा की. आम्हालाही कळू दे, पोरं काय शिकतात ते."

सरांनी फळ्यावर दोन फलनं, म्हणजे फंक्शन्स, लिहिली. एफ म्हणजे एक्सचा वर्ग वजा तीन एक्स, आणि जी म्हणजे एक्स अधिक दोन. काढायचं होतं एफ ऑफ जी. आता यात अवघड ते काय? जी आत आहे, म्हणून जी आधी. ते अख्खं उचलायचं आणि एफमधल्या प्रत्येक एक्सच्या जागी कंसासकट ठेवायचं. पण सर डावीकडून वाचत सुटले. आधी एफ केलं, त्यात दोन मिळवले आणि झोकात उत्तर लिहिलं: एक्स वर्ग वजा तीन एक्स अधिक दोन.

शेवटच्या रांगेत ती मनाशी म्हणाली, अरे देवा, उलटं केलंस की!

पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी उठली. "सर, छापलेल्या उत्तरात एक्स वर्ग अधिक एक्स वजा दोन आहे."

सर जराही अडखळले नाहीत. "ते चुकलं असेल. ते कागद घरी बायको लिहून काढते. तिला काय कळतंय, दिसेल ते उतरवते बिचारी!"

हॉलभर हशा पिकला. तिचे कान तापले. तुकडीची घोषणा अजून व्हायची होती. तोंड मिटून बसली असती तर तुकडी पदरात पडली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ती मुलगी आपल्या कागदावरचं बरोबर उत्तर खोडत होती, आणि ते काही तिला बघवेना. तरातरा पुढे गेली आणि सरांच्या हातातून खडू काढून घेतला.

"एक्स अधिक दोन, या सगळ्याचा वर्ग करा. एक्स वर्ग अधिक चार एक्स अधिक चार. आता त्यातून एक्स अधिक दोनची तिप्पट वजा करा, म्हणजे तीन एक्स आणि सहा. चार एक्समधून तीन गेले, एक एक्स उरला. चारातून सहा गेले, वजा दोन. छापलंय तेच बरोबर आहे. आणि मी उतरवत नाही, मी सोडवते."

तिने खडू खाली ठेवला. आता तरी याला खरं बोलावंच लागेल, तिला वाटलं.

आणि सर चक्क हसले. टाळ्या वाजवत म्हणाले, "पाहिलंत? मुद्दाम चुकवलं होतं, म्हटलं बघू कोण जागं आहे! अहो, आमच्या स्वयंपाकघरात बीजगणित येतं, मग तुमच्या मुलींना का नाही येणार? नवी तुकडी मी जातीने घेणार आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाव नोंदवायला ही झुंबड उडाली. तुकडी तिथल्या तिथे भरली. ती फळ्याजवळ उभी होती, तिच्याकडे बघायला सरांना सवड नव्हती.

त्या चुणचुणीत मुलीची आई गर्दीतून वाट काढत आली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "नशीबवान आहात हो वहिनी. सरांनी तुम्हालासुद्धा शिकवलं!"

आणि तिची तिलाच चीड यावी, असं तिच्या तोंडून निघून गेलं, "हो ना."