बदलीचा टूटू

मी एक जुना टूटू आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू आलं असेल तर खुशाल हसा, मला सवय आहे. बॅले नाचणाऱ्या मुली कमरेभोवती पांढरा, थाळीसारखा ताठ पसरलेला स्कर्ट घालतात ना, तोच मी. सध्या एका लहानशा घरात, लाकडी कपाटात, हिवाळी कोट आणि इस्त्रीची फळी यांच्या मधे माझा मुक्काम असतो.

माझा जन्म एका नाट्यगृहाच्या तळघरातल्या शिवणखोलीत झाला. तिथे मावशींचं राज्य होतं. झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. तोंडात टाचण्या धरून त्या बोलत, तरी एक शब्द अडखळत नसे. त्यांनी नेटच्या जाळीदार कापडाचे थर कापले, खालचे आखूड आणि वरचे रुंद. प्रत्येक थराला बारीक चुण्या घातल्या, मधल्या थरात पोलादाची लवचिक तार ओवली आणि थर विस्कटू नयेत म्हणून आतून सैल टाके घातले.

शिवता शिवता त्या हाताखालच्या मुलींना आमच्या घराण्याची हकिगत सांगत.

"हे असेच जन्माला आले असं वाटतं का तुम्हाला? अगं, आधी हे पोटरीपर्यंत लोंबायचे, घंटेसारखे. आणि तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे! गिरकी जरा चुकली की नेट पेटलंच. पोरी होरपळल्या त्यात."

"मग आखूड कशाने झाले?"

"पावलांमुळे. पोरी पायांनी अवघड अवघड कामं करायला लागल्या. ती दिसायला नकोत? लागली कात्री. लोकांनी नाकं मुरडली, पण बघायला आले सगळे!"

हे ऐकून माझी छाती फुगत असे. टूटूला छाती नसते, तरी.

आमच्या कमरपट्टीच्या आत कापडाची एक चिंधी शिवतात. तिच्यावर शाईने नाचणारीचं नाव लिहितात. माझ्या चिंधीवर नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'बदली'. मुख्य नर्तकीला सगळे बाईसाहेब म्हणत. त्या आजारी पडल्या तर त्यांच्या जागी उभं राहायला एक मुलगी तयार ठेवलेली असे. ती अंगाने इतकी किरकोळ होती, की तिचं नावच काडी पडलं. मी काडीसाठी होतो.

बाईसाहेबांचा टूटू माझ्या शेजारच्याच दांडीवर असे. प्रयोगाला तो जाई आणि घामाने ओला, पावडरीचा वास घेऊन परत येई. मीही जाई, पण पडद्याच्या बाजूच्या अंधारापर्यंतच. काडी मला घालून, वर शाल पांघरून तिथे उभी राही. सगळा नाच ती हाताच्या बोटांनी नाचत असे. बोटं गिरकी घेत, बोटं उडी मारत. एकही ठेका चुकत नसे. हे फक्त मला दिसे.

एका प्रयोगाला बाईसाहेबांचा घोटा मुरगळला. धावपळ उडाली. मावशींनी काडीच्या खांद्यावरची शाल ओढून फेकली आणि माझे हूक घट्ट केले.

"मावशी, पाय थरथरतायत माझे."

"थरथरू देत. नाचायला लागलीस की त्यांना वेळ मिळायचा नाही."

वाद्यं सुरू झाली. काडीने पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात मागून बाईसाहेब आल्या, घोट्याला पट्टी बांधून. त्यांनी काडीच्या गालावर हलकेच थोपटलं. "थँक्यू गं. पण जमेल मला," असं म्हणून त्या उजेडात गेल्या. आणि त्यांना जमलं, मित्रांनो. फार सुंदर जमलं.

काडी शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली. त्या दिवशी तिची बोटं हलली नाहीत.

वर्षं गेली. बाईसाहेबांचा टूटू ठिगळं लावून लावून अखेर विरला. मावशींनी त्याला डोळ्यांना पदर लावून निरोप दिला. माझ्यासाठी कोणी रडावं असं काही घडलंच नव्हतं. मी कोरा होतो. शिवणखोलीत सगळे म्हणत, "हा बघा, किती छान राहिलाय!" ते ऐकून मला कसंतरीच होई.

पुढे काडीचा गुडघा दुखू लागला आणि तो खेळही बंद झाला. निरोप घ्यायला ती आली तेव्हा मावशींनी मला तिच्या हातात दिलं.

"मावशी, यातली तार काढून द्या ना."

"काय? कणा काढायला सांगतेस याचा?"

"कणा असून त्याला कोणी बोलावलं का? मला हा घालून बसमध्ये बसायचंय. तार असली तर शेजारच्या दोन सीटा लागतील."

मावशी हसल्या आणि त्यांनी कात्री घेतली. तार सर्रकन निघाली आणि माझ्या कडा खाली झुकल्या. माझा ताठपणा तिथेच संपला. काडीने मला जाड लोकरी स्वेटरखाली घातलं, पायात रोजचे बूट घातले आणि ती रस्त्यावर आली.

तिला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली होती. मालकांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बरं आहे. गिऱ्हाईक चष्म्याशिवायसुद्धा तुला ओळखेल." बसस्टॉपवर पोरं ओरडत, "ओ ताई, सर्कस कुठे उतरलीये?" काडी मान ताठ ठेवून चालत राही. मला मात्र उन्हाची, धुळीची, कॉफीच्या डागाची ओळख झाली. डाग पडला की मी मनात म्हणे, चला, काहीतरी झालं!

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी एकदा तिला थांबवलं. "किती थर आहेत गं? जरा बघू?" त्यांनी माझी कड उलटून पाहिली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या काचेमागे नेटचा एक स्कर्ट लागला. कुणी म्हणेल, तो काडीला पाहून शिवला. कुणी म्हणेल, तेव्हा सगळ्याच शहरांत तसे स्कर्ट निघाले होते. मला ठाऊक नाही. पण बघता बघता रस्ता नेटने भरून गेला. कुणी पँटवर घाली, कुणी बुटांवर. छोट्या मुलींचे वाढदिवसाचे फ्रॉक तर सगळे तसलेच. कारखान्यातून ढिगाने येणारे, इलॅस्टिकचे, रंगीबेरंगी.

मला वाटलं, आता आपले दिवस आले. झालं उलटंच. एका सकाळी काडीने मला हातात घेतलं आणि आरशात पाहिलं. "आता सगळ्याच घालतात. या वयात मी पोरींची नक्कल करते असं वाटायचं," असं म्हणून तिने मला कपाटात ठेवलं.

तिथला अंधार वेगळा होता. पडद्याच्या बाजूच्या अंधारात निदान वाट पाहायची असते.

परवा सुट्टीच्या दुपारी तिने कपाट आवरायला काढलं. देऊन टाकायच्या कपड्यांचा ढीग केला आणि मला त्यावर टाकलं. रेडिओ चालू होता. अचानक त्यावर बाईसाहेबांच्या त्या नाचाचं संगीत लागलं. काडी थबकली. आता तिचे केस पिकले आहेत, गुडघ्याला पट्टा असतो. तिने मला ढिगातून उचललं आणि घरच्या कपड्यांवरच घातलं. ओट्याच्या कडेला धरून तिने पहिलं पाऊल टाकलं. मग हात सोडला. बोटांनी नाही, मित्रांनो, पायांनी!

थोड्या वेळाने दार धडधडलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन उभे होते.

"छत पाडता का माझं?"

काडीला धाप लागली होती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं.

"संपलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. शेवटचा भाग राहिलाय."

"मग उरका. मी आहे इथे."

ते दारातच काठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि काडीने शेवटचा भाग केला. उड्या तिला झेपल्या नाहीत, गिरक्या तेवढ्या घेतल्या. संगीत संपल्यावर तिने नीट वाकून नमस्कार केला. आजोबा म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांगा, म्हणजे खुर्ची आणतो." आणि जिना उतरून गेले.

गिरकी घेताना मी टेबलाच्या खणाच्या मुठीत अडकून फाटलो होतो. घरात पांढरा दोरा नव्हता, काडीने तपकिरी दोऱ्याने मला शिवलं. ती शिवण अगदी उठून दिसते. मला ती फार आवडते.

त्यानंतर मी पुन्हा कपाटात आहे. काडी दिवसभर दुकानात असते. इस्त्रीची फळी काही बोलत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा कपडा 'चांगल्या दिवसासाठी' म्हणून घडी घालून ठेवला असेल. आम्हाला जपता, त्याबद्दल तुमचे उपकार. पण आम्हाला नुसतं कोरं ठेवू नका. घाला, मळवा, धुवा. फाटलो तर मिळेल त्या दोऱ्याने शिवा. आणि कधी कुणाचं दार ठोठावलंत आणि आत एखादं धापा टाकणारं माणूस दिसलं, तर त्याचा शेवटचा भाग होईपर्यंत जरा थांबा.