सैल वायर

व्हर्ना टिंडल वरच्या सुराला गेली की माइक खरखरायचा. निदान घरात तसं ठरलेलं होतं.

अलाबामात, टेनेसी नदीच्या काठी, व्हर्नाच्या नवऱ्याने, म्हणजे हॉलिसने, गॅरेजच्या भिंतींना जुन्या रजया ठोकून रेकॉर्डिंगचा स्टुडिओ केला होता. त्यात जुन्या रेडिओत असायची तसल्या काचेच्या ट्यूबचा एक माइक होता, त्याच्यावर हॉलिसचा बायकोखालोखाल जीव. हा क्रम अधूनमधून बदलतो, असं बायकोचं म्हणणं. असा माइक नुसता प्लगमध्ये खुपसून चालत नाही. त्याला वीज पुरवणारा वेगळा डबा लागतो, त्या डब्यातून बोटाएवढी जाड केबल माइकपर्यंत जाते, आणि अर्धा तास तापल्याशिवाय साहेब कामाला लागत नाहीत.

खरखर झाली की हॉलिस हेडफोन काढायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "ट्यूब गेली." ट्यूबवाल्या मंडळींची ही जुनीच खोड. घरात दूध नासलं तरी ट्यूबवर खापर फोडतील. त्यामुळे कुणाला संशय आला नाही. नवी ट्यूब टपालाने यायची, बसवायची, खरखर तशीच, की पुन्हा नवी ट्यूब मागवायची. व्हर्ना म्हणायची, "बरं बाबा, मग पुढच्या आठवड्यात." असे पुढचे आठवडे इस्टरपासून चालले होते, आणि आता ऑक्टोबर येऊन अंगणातल्या पेकानच्या झाडाखाली अक्रोडासारखी पेकानं पडायला लागली होती.

खरी गोष्ट अशी, की खरखरी दोन होत्या. एक डब्यातली. केबल जिथे डब्यात शिरते तिथली एक वायर सैल झाली होती. हॉलिसला ती पहिल्याच आठवड्यात, केबल नुसती हलवून, सापडली होती. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. दुसरी खरखर व्हर्नाच्या गळ्यात होती. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटायला लागला होता. पहिली काढली असती तर दुसरी उघडी पडली असती, म्हणून हॉलिसने पहिली राहू दिली.

जन्मभर ही बाई दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर मागे उभी राहून ऊ-ऊ करत आली होती. ज्यांच्या मागे केलं त्यातले निम्मे बेसूर होते, पण नाव त्यांचं. आता सत्तरी उलटल्यावर तिला चर्चमधली सहा गाणी स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावावर करायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. आणि त्या बाईला "तुझा आवाज गेला" हे सांगायचं हॉलिसच्या जिवावर येत होतं.

घोटाळा केला तो ओडेल व्हाइझनंटने. ओडेल चर्चमध्ये पियानो वाजवायचा. त्याआधी त्याचं सगळं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर गेलं होतं. एका शनिवारी दुपारी तो साथीला म्हणून आला, एक कडवं वाजवलं, खरखर ऐकली आणि थांबला.

"हॉलिस, ही ट्यूब नाही रे."

"तू पियानो वाजव."

"ट्यूब गेली की तेलात मासा सोडल्यासारखी फसफसते. ही वायर आहे. मी खांबावर चढून दुसरं काय केलं जन्मभर? डबा उघड."

"आज नको. आत करंट असतो."

"असू दे की. मी काय जीभ लावणार आहे त्याला?"

"उघड तो डबा," व्हर्ना म्हणाली, आणि डब्याजवळ जाऊन उभी राहिली. मग काय, उघडावाच लागला.

हॉलिसने प्लग काढला. प्लग काढला तरी असल्या डब्याच्या पोटात वीज साठून राहते, ती आधी उतरवावी लागते. उतरवताना एक हात खिशात, ही त्या धंद्यातली रीत. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून फिरून दुसऱ्या हाताने निघते. हॉलिसने डावा हात खिशात घातला. ते बघून ओडेलनेही घातला. व्हर्नाने एप्रनच्या खिशात घातला. कुणी दारातून पाहिलं असतं तर तिघं बसची वाट बघताहेत असं वाटलं असतं.

"ही बघ," ओडेल म्हणाला. लाल वायर एका तारेवर लोंबत होती.

"हीच का ती?" व्हर्नाने विचारलं.

"हीच."

"आणि तू ट्यूबा बदलत बसलास."

"चष्म्याचा नंबर वाढलाय," हॉलिस म्हणाला.

सोल्डर मारताना क्षणभर त्याच्या मनात पाप आलं. डाग अर्धवट तापवला तर दिसायला चांगला दिसतो आणि आठवड्यात सुटतो. पण इतकी वर्षं नीट काम केलेल्या हाताला ते जमेना. वायर सोलली, पीळ घातला, डाग मारला. डाग बसला तोही चकचकीत. केबल ओढली तरी हलू नये म्हणून त्याने पट्टीही आवळली. स्वतःवर इतका चिडला होता तो, पण पट्टी आवळली.

मग माइक तापेपर्यंत तिघांनी केक खाल्ला आणि बर्फ घातलेला गोड चहा प्याला. केक व्हर्नाने केला होता आणि चांगला झाला होता. हॉलिसने आपला तुकडा ओडेलच्या बशीत सरकवला.

व्हर्ना माइकसमोर उभी राहिली. ओडेलने आधी केबल गदागदा हलवून पाहिली. आवाज नाही. पहिलं कडवं स्वच्छ गेलं, दुसरंही. तिसऱ्यात ती वर गेली आणि सूर फाटला. ओडेल पियानोच्या पट्ट्यांकडे बघत राहिला.

"ट्यूबच असणार," हॉलिस म्हणाला.

"हॉलिस, ऐकव मला ते."

त्याने ऐकवलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं. तिने हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवले.

"कधीपासून?"

"इस्टरपासून."

"आणि वायर कधी सापडली तुला?"

"तेव्हाच."

ओडेल म्हणाला, त्याचं गाडीत काहीतरी राहिलंय. व्हर्ना म्हणाली, काही राहिलेलं नाही, बस तिथेच. तो बसला.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही," हॉलिस म्हणाला.

"मला वाईट वाटलंच असतं," ती म्हणाली. "मग मी रडले असते, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी खाली घेऊन गायले असते. अरे, इस्टरला फक्त वरचा सूर जात होता. बाकी आवाज शाबूत होता. सहाच्या सहा गाणी झाली असती. आता मधलेही सूर बसायला लागलेत. मला वाटायचं, तोही तुझा माइकच."

हॉलिसच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण तिला जपतोय, एवढंच तो धरून बसला होता, आणि त्यात स्वतःवर थोडा खूशही होता. आता त्याला स्वतःची शरम वाटली.

"ओडेल, पट्टी तीन घरं खाली घे," व्हर्ना म्हणाली. "आणि तू रेकॉर्डिंग चालू कर. तोंड नको पाडूस, माझं लक्ष जातं."

ती खालच्या पट्टीत गायली. तिथे आवाज जाडसर होता, थोडा थकलेला, पण तिचा होता आणि सुरात होता. तिने श्वास घेतलेलासुद्धा हॉलिसला हेडफोनमध्ये ऐकू येत होता.

त्या दुपारी दोन गाणी झाली. तिसऱ्याला गळा बसला. तो पुढच्या शनिवारी सुटला नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही, आणि थंडी सुरू झाल्यावर तिने प्रयत्न सोडला.

रेकॉर्ड निघाली. वर मोठ्या अक्षरात व्हर्ना टिंडल असं नाव आहे, आणि खाली दोन गाणी. चर्चमधल्या बायका विचारतात, दोनच का गं? व्हर्ना सांगते, एवढीच जमली. तेव्हा हॉलिस उठून बाहेर जातो.