को होकांची मतं आणि लिआनचं पोस्टर

को होकांचं, म्हणजे होकदादांचं, ज्यावर मत नाही असा विषय थायलंडमधल्या त्रांग गावात अजून जन्माला यायचा होता. सकाळी जे मुई, म्हणजे मुईताई, हिच्या कोपीच्या, अर्थात कॉफीच्या, दुकानात पंख्याखालच्या गोल टेबलाशी ते टेकले, ग्लासाच्या तळाचं घट्ट दूध खणखण ढवळलं, की देशाची सुनावणी सुरू. कॅसिनोचा कायदा? "जुगार काय आज आलाय? मयताच्या मांडवात पत्ते कुटता तेव्हा बरी लाज नाही वाटत!" गांजा? "आधी सोडला, मग बांधला. कायदा आहे की म्हैस?" शाळेतल्या पोरांचे केस कापायचे की वाढवायचे? "डोक्यावर काय उगवतंय ते सोडा, डोक्यात काय पेरताय ते बघा." सैन्यभरती? "लाल चिठ्ठी निघाली तर पोरगा सैनिक, काळी निघाली तर घरी. देशाचं रक्षण लॉटरीवर, वा रे वा!" असं सगळं. कोणी विचारो न विचारो.

समोर बसायचे सवात गुरुजी. निवृत्त हेडमास्तर, होकांचे बालवर्गापासूनचे सोबती, आणि मतांच्या बाबतीत उभा दावा. होक पूर्व म्हणाले की गुरुजींची पश्चिम ठरलेली. नवं म्हणून काही गुरुजींना खपत नसे. दोघांचा आवाज चढला की जे मुई भाजलेल्या डुकराच्या मांसाची बशी मधोमध आदळायची, मग तोंडं थोडा वेळ दुसऱ्या कामाला लागायची. लाल शर्ट-पिवळ्या शर्टांच्या भांडणात इतर दुकानांतून खुर्च्या उडाल्या होत्या, सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते, आणि 'इथे राजकारण बोलू नये' अशा पाट्या लागल्या होत्या. जे मुईनं मात्र पाटी लावली नाही. "हे दोघे गप्प झाले तर गिऱ्हाईक काय माझं तोंड बघायला येणार?" असं ती म्हणायची.

सगळ्यांत मोठी खडाजंगी झाली ती लग्नाच्या कायद्यावरून. बाईनं बाईशी किंवा पुरुषानं पुरुषाशी केलेलं लग्न सरकारदरबारी लागणार असा कायदा आला, त्या दिवशी को होकांनी अख्ख्या दुकानाला कोपी पाजली. कारण घरचंच होतं. त्यांची थोरली बहीण लिआन, तिची मुलगी रुंग, आणि रुंगची नुई. दोघी कितीतरी वर्षं एकत्र राहत होत्या. आता कचेरीत जाऊन त्यांनी रीतसर सह्या केल्या होत्या, आणि लिआन चाकाच्या खुर्चीत बसून, केसांत फूल माळून सोबत गेली होती.

"मग ती नुई आता तुझी कोण रे?" गुरुजींनी चष्म्यावरून विचारलं. "भाचजावई की भाचसून? काहीतरी एक सांग."

"घरची!" को होकांनी टेबलावर थाप मारली. ग्लास नाचले. चार टेबलांवरून टाळ्या पडल्या.

"ही पळवाट झाली," गुरुजी म्हणाले. "परीक्षेत असं लिहिलं असतंस तर भोपळा दिला असता." पण टाळ्यांत त्यांचं कोण ऐकतंय!

पुढे लिआन गेली. चांगली गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती, सकाळी पेज खाल्ली, नुईला म्हणाली, "मीठ कमी आहे," आणि डोळे मिटले. रडणारे रडले, पण सगळ्यांच्या तोंडी एकच, की असं मरण मागून मिळत नाही.

आता त्रांगची रीत अशी, की भिंतीवर पोस्टर लागल्याशिवाय माणूस मेला असं कोणी धरत नाही. मोठा कागद, वर फोटो, खाली मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडं, सगळी नावं ओळीनं. बाजारात, बसथांब्यावर, कोपीच्या दुकानात सगळीकडे तो चिकटतो. लोक सकाळी वर्तमानपत्राआधी तो वाचतात, आणि कोण आहे यापेक्षा कोण नाही ते आधी बघतात. पोस्टरवर ज्याचं नाव तो घरचा, बाकीचे शेजारीपाजारी. घरात वडीलधारे म्हणून मजकूर द्यायचं काम को होकांकडे आलं. त्यांनीही ते छाती फुगवून घेतलं.

मयत काही दिवस विहारात ठेवायची तिकडची पद्धत; तिथल्या मांडवात लिआनचा थोरला मुलगा सक्दा त्यांच्याजवळ येऊन बसला. हाट याई शहरात त्याचा मोठा धंदा होता, आणि तो नेहमी हळू बोलायचा.

"मामा, एक विनंती. नुईचं नाव तेवढं पोस्टरवर नको. माझे भागीदार येणार, बायकोचं माहेर येणार. घरात ती आहेच ना? आम्ही काय तिला बाहेर काढतोय? उगाच भिंतीभिंतीवर कशाला?"

को होकांनी तोंड उघडलं. या प्रश्नावर त्यांच्याकडे एक सोडून दहा भाषणं तयार होती, टेबलावर घासूनपुसून लख्ख केलेली. पण इथे टेबल नव्हतं आणि टाळ्या वाजवणारंही कोणी नव्हतं. समोर बहिणीची शवपेटी होती, आणि काळे कपडे घातलेला भाचा नम्रपणे हात जोडून बसला होता.

"बघू," ते म्हणाले. आयुष्यात हा शब्द त्यांनी क्वचितच वापरला होता.

मयताच्या घरात वाद नको, असं त्यांनी स्वतःला समजावलं. कायदा काय, तो आहेच, कुठे पळून जातोय! मग छापखान्यात फोन लावून एकेक नाव सांगायला सुरुवात केली. मुलगा सक्दा, सून अमुक. मुलगी रुंग.

"रुंगपुढे कोण?" पलीकडून छापखानेवाल्यानं विचारलं.

मांडवाच्या मागे नुई भल्या मोठ्या पातेल्यात रस्सा ढवळत होती. तिची पाठ होकांना दिसत होती.

"पुढे चल," को होक म्हणाले. "नातवंडं घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले तेव्हा पोस्टर कॅलेंडरशेजारी लागलेलं होतं. लिआन फोटोत हसत होती. लोकांनी उठून त्यांचे हात धरले, जे मुईनं न मागता कोपी आणून ठेवली, पाथोंगको, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, ठेवल्या. होकांना बरं वाटलं. वाईट वाटत असतानाही माणसाला असं बरं वाटू शकतं, त्यात काही पाप नाही.

सवात गुरुजी मात्र पोस्टरपुढे उभे होते. हेडमास्तरांची खोड काही जात नाही. बोट ओळीवर ठेवून ते मोठ्यानं वाचत होते. रुंगच्या नावाशी बोट थांबलं. ते पुढे सरकलं, मागे आलं, परत थांबलं.

"होक, इथे एक गाळलंय."

"छापखान्याची चूक," होक चटकन म्हणाले.

"तो पोरगा माझ्या हाताखालून गेलाय. इकडचा कानामात्रा तिकडे करत नाही. विचारू त्याला?"

को होकांच्या तोंडाला कुलूप लागलेलं पाहायची कोणालाच सवय नव्हती.

"तुला रे काय पडलंय?" शेवटी ते उसळले. "तू तर त्या कायद्याच्या विरुद्ध! इथेच बसून घसा फोडला होतास ना?"

"विरुद्ध होतो, आहे, उद्याही राहीन." गुरुजी येऊन समोर बसले. "पण मी बत्तीस वर्षं हजेरी घेतली आहे, होक. वर्गात जो बसलाय त्याचं नाव घ्यायचं. आवडता असो, नावडता असो. मला पटलं नाही म्हणून बाकावर बसलेला पोरगा गैरहजर होत नाही. तुझ्या बहिणीचे पाय कोण चेपत होतं? शौचाला कोण उचलून नेत होतं? सक्दा?"

"सक्दानंच सांगितलं, नको म्हणून..."

"आणि तू ऐकलंस. आमचं कधी ऐकलं नाहीस ते!"

कोणीतरी फिसकन हसलं. जे मुई फडक्यानं टेबल पुसत होती. पुसता पुसता ती म्हणाली, "पोस्टर नुईनंच लावलं, को."

"काय?"

"काल दुपारी आली होती. खळीची बादली, ब्रश, कागदांचा गठ्ठा. म्हणाली रुंगच्या अंगात त्राण नाही, मीच लावते सगळीकडे. भिंत पुसून लावलं बघा किती छान. मी म्हटलं, अगं, तुझं नाव कुठे दिसत नाही ते? तर म्हणाली, 'जागा पुरली नसेल, जे.'"

बाजारात, बसथांब्यावर, स्टेशनात, गावभर ती बिचारी स्वतःला वगळणारा कागद स्वतःच्या हातानं चिकटवत फिरली होती, आणि वर होकांचीच बाजू घेत होती. शरमेनं त्यांचे कान तापले. इतकी वर्षं या टेबलावर आपण जे बोललो ती नुसती वाफ होती काय, असं त्यांना वाटलं. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेवढी माया त्यांनी दाखवली.

होक उठले. कोपी तशीच राहिली.

विहारात ते आले तेव्हा रुंग शवपेटीशेजारी उदबत्त्या लावत होती. तिनं मामाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. सक्दा पाहुण्यांना हात जोडत होता. नुई मागे चुलीपाशी होती. होक सरळ तिथे गेले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, कारण हळू बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"नुई, तुझं नाव मी गाळलं. छापखान्यानं नाही. मी. मला लाज वाटते माझी."

नुईच्या हातातला डाव थांबला. "मामा, तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?"

"खाण्याचं राहू दे गं! पोस्टर परत छापतोय. मला एवढंच सांग, तुला कुठे घालू? सुनांत की जावयांत? गुरुजी तेव्हा विचारत होता तर मी मोठ्या रुबाबात 'घरची' म्हणून वेळ मारून नेली. पोस्टरवर 'घरची' असा रकाना नसतो."

सक्दा घाईनं आला. "मामा, आपलं ठरलं होतं ना? पाहुणे काय म्हणतील?"

"काय म्हणतील? वाचतील, तोंड वाकडं करतील, आणि पोटभर जेवून जातील. तुझ्या आईनं कचेरीत जाताना केसांत फूल माळलं होतं, सक्दा. तू नव्हतास तिथे. मी होतो."

राग होता सक्दाच्या चेहऱ्यावर, पण आईच्या फुलापुढे काय बोलणार? तो परत पाहुण्यांकडे गेला.

नुई रडत होती आणि हसतही होती. बाहीनं नाक पुसून ती म्हणाली, "आई मला जावईच म्हणायची, मामा. चिडवायला. 'ए जावई, पाणी आण. ए जावई, कूस बदल माझी. आयत्या बिळावरचा जावई नको मला, काम करणारा हवा.' रोज."

"असं म्हणायची लिआन?"

"रोज."

रुंग मागे येऊन उभी राहिली होती. तिनं मामाच्या दंडावर डोकं टेकलं आणि मग तिलाही रडू आलं. को होकही रडले. रस्सा खाली लागला तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

दुपारी नवा गठ्ठा आला. खळीची बादली घेऊन को होक निघाले, तर विहाराच्या फाटकाशी सवात गुरुजी छत्री घेऊन उभे. "तुला ओळ सरळ लावता येत नाही," एवढंच बोलून ते सोबत चालू लागले. बसथांब्यावर होकांनी जुनं पोस्टर आधी उपटून काढायला घेतलं. निघेना. कडेनं नख घातलं, कोपरा खरवडला. नुईनं इतकं नीट, इतकं मन लावून चिकटवलं होतं की कागदाचा टवकाही उडेना. शेवटी त्यांनी नवा कागद त्याच्यावरच लावला. सगळ्या गावात तसंच करावं लागलं. दोघं म्हातारे घामाघूम झाले आणि वाटेत गांजाच्या कायद्यावरून भांडले.

दुसऱ्या सकाळी दुकान नेहमीपेक्षा भरलेलं होतं. गुरुजी पोस्टरपुढे उभे राहिले आणि बोट ठेवून वाचायला लागले. मुलगा सक्दा. सून. मुलगी रुंग.

"जावई, नुई," त्यांनी वाचलं. बोट तिथेच ठेवून ते मागे वळले आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "हजर?"

दाराशी नुई उभी होती. मांडवातल्या लोकांसाठी कोपीची किटली भरून न्यायला आली होती. अख्खं दुकान तिच्याकडे बघत होतं. तिनं शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

"हजर, गुरुजी."

जे मुईनं डोळ्यांना पदर नाही म्हणून टेबलाचंच फडकं लावलं. गुरुजी येऊन जागेवर बसले, ग्लास ढवळला, आणि घसा खाकरून म्हणाले, "हजेरी झाली. आता कायद्याचं बोलू. माझं मत बदललेलं नाही, होक. मी विरुद्धच आहे."

सगळ्यांनी को होकांकडे पाहिलं. जे मुईनं सवयीनं मांसाची बशी उचलून तयार ठेवली. होकांनी तोंड उघडलं. मग दारातून किटली सांभाळत जाणाऱ्या नुईकडे पाहिलं, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"बोल," ते म्हणाले. "आज मी ऐकतो."