हरण्याची बारी आणि हौशीरामचा माईक

अवसरी बुद्रुकच्या हौशीरामनं पंचवीस वर्षं घाटात माईक धरला. बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडा सुटल्यापासून घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, माथ्यावर पोचेपर्यंत एका बारीला जेमतेम बारा-तेरा सेकंद जातात. लोक ते डोळ्यांनी बघायचे खरे, पण त्यांना कळायचं ते हौशीरामच्या तोंडून. बैल कुणाचा, गाव कुठलं, बैलांच्या पुढं पळणाऱ्या घोडीवर कोण, मागच्या यात्रेत किती सेकंद लागले, सगळं त्याला तोंडपाठ. जुन्नर-आंबेगावात ज्याच्या कर्ण्यातून त्याचा आवाज निघाला नाही असा घाट सापडायचा नाही.

तो आवाज माघात बसला. मंचरच्या डॉक्टरनं घशात नळी घालून बघितलं आणि स्वरयंत्रावर गाठी आल्यात असं सांगितलं. सहा महिने ओरडायचं नाही, हळू बोलायचं आणि तेही कमी. हौशीराम बाहेर आला तो डॉक्टरला शिव्या देतच, पण त्या शिव्याही त्याला पुटपुटतच द्याव्या लागल्या.

चैत्रात शेजारच्या गावच्या यात्रेला दुसरा निवेदक ठरला. हौशीरामनं तेही गिळलं. घाटाकडं फिरकायचं नाही असं ठरवून तो शर्यतीचे दोन्ही दिवस कांद्याच्या वखारीत निवड करत बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी आळे गावच्या कुंडलिकचा फोन आला. कुंडलिक त्याचा वीस वर्षांचा मैतर.

"किती घेतलं रं हौशा?" कुंडलिकनं एकदम विचारलं.

"कशाचं?"

"माझ्या मेलेल्या बैलाचं नाव दुसऱ्याच्या बैलाला लावायचं किती घेतलं?"

हौशीरामला काही उमगेना. मग कुंडलिकनं दात-ओठ खात सांगितलं. त्याचा हरण्या दोन वर्षांपूर्वी गेला होता. परवा घाटात कुणा नव्या मालकाचा बैल पळाला, त्याचंही नाव हरण्याच. गाडा सुटला आणि कर्ण्यातून हौशीरामचा आवाज गरजला, "आला रं आला, हरण्या आला! घाटाचा राजा आला!" घाट नुसता डोक्यावर घेतला लोकांनी. आजारी असूनही हौशीरामनं खास घरून आवाज भरून पाठवला, असं सगळीकडं झालं.

"मी व्हतो तिथं," कुंडलिक म्हणाला. "माझ्या बैलाची बारी, माझ्या बैलाचं कौतुक, आन् पळतोय दुसराच. मला खाली बसावं लागलं हौशा."

"आरं, मी न्हाई पाठवला. कुंडलिक, ऐक..."

फोन बंद झाला होता. हौशीरामनं परत लावला. कुंडलिकनं उचलला नाही. दुपारपर्यंत सात वेळा लावला, सातही वेळा नुसता वाजून थांबला.

खऱ्या हरण्याच्या बारीचा आपला सात वर्षांपूर्वीचा आवाज कुणीतरी जुन्या व्हिडिओतून कापला आणि त्यातलं कुंडलिकचं तेवढं नाव गाळलं, हे हौशीरामच्या ध्यानात आलं तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं यात्रा कमिटीच्या सयाजीला फोन लावला.

"अहो भाऊ, तुमच्याबिगर यात्रा कशी व्हायची?" सयाजी हसत म्हणाला. "तुमचा आवाज लावला आन् पब्लिक उभी राहिली राव! आमी तुमची आठवण ठेवली, असं समजा."

"इचारलं का मला?" हौशीराम ओरडायला गेला आणि घशातून नुसती शिट्टी निघाली.

"हॅलो? हॅलो? भाऊ, आवाज येईना तुमचा," सयाजी म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

हौशीरामनं मोबाईल ओट्यावर टाकला. ज्या आवाजावर तो पंचवीस वर्षं जगला तो आवाज आता गावभर फिरत होता, आणि खुद्द त्याला एक वाक्य नीट फेकता येत नव्हतं.

त्याची लेक संस्कृती मंचरला एका क्लासमध्ये शिकवायची. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा हौशीराम मोबाईल तोंडाशी धरून काहीतरी बोलत होता आणि ऐकून परत परत पुसत होता.

"हरण्याची खरी गोष्ट सांगनार हाय," तो म्हणाला. "सगळ्या ग्रुपवर टाकनार. पर ह्याच्यात निस्ता फॅनच ऐकू येतोय, माझा शबुद ऐकू येईना."

संस्कृतीनं ऐकून बघितलं. "आण्णा, तुमचा आवाज बारीक झालाय, फोनवर नाही यायचा तो. कंडेन्सर माईक लागेल. तो बारीक आवाज पकडतो."

"मला माईक शिकवती का तू? पंचवीस वर्षं..."

"ते घाटातले माईक वेगळे. ते तोंडाला लावून ओरडायचे. हा वेगळा असतो." तिनं वहीचा कागद फाडून लिहून दिलं: कंडेन्सर, लॅपटॉपला सरळ यूएसबीनं जोडायचा, समोरचंच ऐकणारा, सोबत छोटा स्टँड. चार-पाच हजारांत येतो, त्याच्यावर जायची गरज नाही. "हा कागद दुकानात दाखवा फक्त. दुसरं काही घेऊ नका."

हौशीरामनं कागद खिशात घातला. दुसऱ्या दिवशी मंचरच्या दुकानात मात्र तो कागद खिशातच राहिला. ज्या दुकानातून आपण जन्मभर माईक नेले तिथं लेकीची चिठ्ठी दाखवायची, हे काही त्याच्या जिवाला पटेना.

दुकान चांदमल शेठचं. शेठ आता थकले होते, गल्ल्यावर त्यांचा नातू पारस बसायचा. हौशीरामनं "कंडेन्सर" म्हणताच पारसनं एक भला मोठा खोका काढला. त्यात माईक होता, लांब दांडी होती, लाल-निळे दिवे लागणारी एक पेटी होती आणि पेटीवर टाळ्यांचं, हसण्याचं अशी बटणं होती.

"काका, सगळे यूट्यूबवाले हेच नेतात. आणि हे बघा, कंडेन्सर म्हणून लिहिलेलंच आहे."

हौशीराम खोका घेऊन घरी आला. त्यानं स्वतःच सगळं जोडलं. सवयीप्रमाणं माईकवर टिचक्या मारल्या, फू फू करून फुंकर घातली, मग माईकच्या टोकाला तोंड लावून बोलला. ऐकलं तर मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज, आणि त्यात तो स्वतः कुठंतरी विहिरीच्या तळाशी.

संस्कृती आली आणि बघतच राहिली. "टिचक्या कसल्या मारता? आणि ह्याच्यात टोकातून नाही बोलायचं, माईक उभा ठेवून त्याच्या बाजूकडून बोलायचं." तिनं माईक उभा करून परत रेकॉर्ड केलं. मोहोळ होतं तसंच. तिनं पेटी उलटी करून वाचली. "ह्या माईकला अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात. ही पेटी पाच देते. दिवे लागतात तेवढेच. कागद दाखवला होता का?"

हौशीराम वायर गुंडाळायला लागला.

"दाखवला होता का आण्णा?"

"मला काय कळत न्हाई का?"

"नाही कळत!" संस्कृती इतकी भडकली की ओट्यावरचं मांजर पळालं. "डॉक्टरचं ऐकायचं नाही, माझं ऐकायचं नाही. सयाजीनं तुम्हाला विचारलं नाही म्हणून कालपासून जळताय. तुम्ही तरी कुणाला विचारता?"

हौशीरामच्या तोंडाशी चांगलंच उत्तर आलं होतं. ते त्यानं परतवलं. सकाळी खोका गाडीला बांधला आणि लेकीला म्हणाला, "चल, बस मागं."

पारसनं खोका बघितला आणि हात वर केले. "उघडलेला माल परत होत नाही काका. तिथं पाटी आहे बघा."

हौशीरामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि आवाज मध्येच फाटला. दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. कोणीतरी हसलं. हौशीराम लालबुंद झाला. त्यानं दोन्ही हात काउंटरवर टेकले आणि वाकून, अगदी हळू बोलायला लागला.

"मला वरडता येत न्हाई. म्हनून तुला कान देऊन ऐकावं लागंल. मी तुझ्या आज्याकडं पहिला माईक घ्यायला आलो, तवा शेठनं आधी इचारलं व्हतं, घाटात लावायचा का देवळात. मी देवळात म्हनलो आसतो तर त्यांनी मला घाटाचा माईक दिला नसता. तू काल काय इचारलं मला? एक सवाल केला का? म्हातारा दिसला, खोका दिला."

एवढ्या बारीक आवाजात बोललेलं ऐकायला सगळे पुढं सरकले होते. पारसचे कान तापले.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "चुकलं माझं. सांगा आता, कशासाठी पाहिजे?"

"एक बैल मेलाय. त्याची गोष्ट सांगायचीय. घरात बसून, ह्याच आवाजात."

पारसनं पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं आणि लॅपटॉपला एकेक माईक जोडून हौशीरामकडून तेच एक वाक्य तीनदा बोलून घेतलं. मग त्याच्या कानांवर हेडफोन चढवला.

पहिला घाटासारखाच, हातात धरायचा माईक. त्यात आवाज भरदार आला, फाटलेलं बरंचसं झाकलं गेलं. हौशीराम खुलला. दुसरा मोठा कंडेन्सर, आवाज स्वच्छ, पण त्याला वीज देणारी पेटी वेगळी घ्यायची आणि ती माईकपेक्षा महाग. तिसरा काळा, ओंजळीत मावणारा यूएसबी कंडेन्सर, दिवे नाहीत, बटणं नाहीत. त्यात हौशीरामला घशातली खरखर ऐकू आली, श्वास ऐकू आला, आवंढा गिळलेला ऐकू आला. रस्त्यावर एसटीनं दिलेला हॉर्नसुद्धा आला.

त्यानं हेडफोन काढून काउंटरवर आपटला. "ह्यो माझा आवाज न्हाई!"

"आहे आण्णा," संस्कृती म्हणाली. "आत्ता हाच आहे."

"काका, पहिला घ्या," पारस म्हणाला. "त्यात चांगले वाटता."

हौशीराम विचारात पडला. चांगलं वाटून काय करायचं? भरदार आवाजात बोललो तर सयाजी उद्या हेच म्हणेल की बघा, हा तर ठणठणीत आहे, यात्रेचा आवाजही ह्यानंच भरून दिला. ही खरखर ऐकली तर शेंबडं पोरही सांगेल, की घाटातला तो आवाज ह्या गळ्यातून ह्या साली निघूच शकत नाही.

"तिसरा बांध," तो म्हणाला. पारसनं खोका मुकाट्यानं परत घेतला.

घरी संस्कृतीनं मधल्या खोलीत दोरी बांधून दोन गोधड्या टाकल्या, म्हणजे आवाज भिंतींवर आपटून घुमणार नाही. माईक तोंडापासून वीतभर लांब ठेवला. आणि हौशीरामला कळलं की हे यंत्र सगळंच ऐकतं. शेजारचं कडबा कुट्टीचं यंत्र, ओढ्यावरची मोटर, बायकोच्या हातातलं ताट. दर वेळी तो चरफडत उठायचा आणि परत येऊन बसायचा. पाचव्यांदा कुठं शांतता मिळाली.

त्यानं आधी तारीख सांगितली. मग सांगितलं की हा माझा आजचा आवाज आहे, डॉक्टरांनी मला ओरडू नको म्हटलंय, यात्रेत वाजला तो सात वर्षांपूर्वीचा आणि तो मला न विचारता लावला. तो आवाज ज्या बैलासाठी निघाला तो आळ्याच्या कुंडलिकचा हरण्या. मग हरण्याची गोष्ट. बेल्ह्याच्या बाजारात कुंडलिकनं तो खोंड कसा हेरला, पहिल्या वर्षी तो घाटात मध्येच कसा थांबला आणि लोक कसे हसले, आणि मग ती अकरा सेकंदांची बारी. ओरडण्यात जे कधी सांगायला वेळ मिळाला नव्हता ते तो हळूहळू सांगत गेला. पण राग त्यातून गेला नव्हता. सयाजीचं नाव त्यानं तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा पूर्ण घेतलं.

बैलगाडा मालकांच्या ग्रुपांवर ते दोन दिवसांत सगळीकडं झालं. तिसऱ्या दिवशी कुंडलिकची मोटरसायकल दारात थांबली. उतरता उतरताच तो कडाडला.

"बेल्हं? बेल्ह्याच्या बाजारातनं आनला म्हनतोस हरण्या? चाकणच्या बाजारातनं आनला मी! तू व्हतास माझ्यासंगं!"

"बेल्हंच व्हतं. पाऊस लागला व्हता आपल्याला."

"पाऊस चाकणला लागला! साऱ्या जगाला खोटं सांगितलंस!"

दोघं ओट्यावर अर्धा तास भांडले. संस्कृतीनं चहा आणला तेव्हा कुठं कुंडलिक बसला. कपाकडं बघत म्हणाला, "लई बसलाय रं तुझा आवाज. मला ठाव नव्हतं."

"सांगत व्हतो ना. फोन उचलशील तर."

कुंडलिकनं चहा संपवला आणि उठला. "चल सयाजीकडं."

सयाजी दारातच भेटला. त्यानं दोघांसाठी खुर्च्या मागवल्या, पुढच्या यात्रेत असं होणार नाही म्हणाला, हौशीरामला फेटा बांधायचीही गोष्ट काढली. हौशीराम खुर्चीत बसला नाही.

"ती क्लिप कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"असंल कुठंतरी मोबाईलात."

"काढ."

सयाजीनं काढली. हौशीराम त्याच्या खांद्याशी उभा राहिला आणि क्लिप पुसून होईपर्यंत तिथून हलला नाही. मग साउंडवाल्याला फोन लावायला लावला आणि त्याच्याकडचीही पुसून घेतली. निघताना सयाजी म्हणाला, "भाऊ, एवढा राग बरा न्हवं."

"बरा हाय," हौशीराम म्हणाला आणि कुंडलिकच्या मागं गाडीवर बसला.