कुलपाची फेरतपासणी

आमच्या घरात मला फौजदार म्हणतात. कारण एवढंच की मी विचारते. दूध उतू गेलं की 'गॅसपाशी कोण उभं होतं?' असं विचारते. पाहुणे लवकर उठले की 'त्यांना कोण काय बोललं?' असं विचारते. नववीत गणिताचा पेपर हातात आला तेव्हा मी बाईंच्या टेबलापाशी उभी राहून सगळी बेरीज पुन्हा केली आणि तीन गुण वाढवून घेतले. बाई म्हणाल्या, "एवढा संशय बरा नाही हं." मला तीन गुण बरे वाटले.

दोष माझा नाही, धंद्याचा आहे. आमचं कुलपांचं दुकान, आजोबांपासूनचं. किल्ली हरवलेली माणसं दिवसभर येतात, आणि बाबा त्यांना पहिला प्रश्न कुलपाबद्दल विचारतच नाहीत. "घर तुमचंच ना?" असं विचारतात. मग शेजाऱ्याला बोलावून आणायला सांगतात. असं ऐकत वाढलेली मुलगी भोळी निघाली असती तर नवलच होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. दहावीची परीक्षा संपली की पहिल्या सुट्टीच्या दिवशी त्या मुलाला किंवा मुलीला दुकानात बसवतात. समोर एक बंद कुलूप आणि दोन वाकड्या तारा. किल्ली नाही. सकाळी दुकान उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंतचा वेळ. कुलूप उघडलं, तर ते दुकानाच्या भिंतीवर टांगतात आणि त्या मुलाला गल्ल्यामागच्या बाकावर कायमची जागा मिळते. पुढे शिका, नोकरी करा, काहीही करा, पण जागा तुमची. नाही उघडलं, तर ते बंद कुलूप आठवण म्हणून तुम्हालाच देतात आणि त्यानंतर तुम्ही दुकानात यायचं ते डबा द्यायला. आजोबा म्हणायचे, माणूस निवडणारे आपण कोण, कुलूप निवडतं.

मला ती जागा हवी होती. का ते नीट सांगता येत नाही. शाळेत मला सगळं बऱ्यापैकी यायचं, पण आवडायचं काहीच नाही. बाबा डोळे मिटून तार फिरवायचे आणि आत कुठेतरी खटका बसल्याचा बारीक आवाज यायचा. तो ऐकला की मला पोटातून आनंद व्हायचा. पुस्तकातला कुठलाही धडा वाचून मला कधी तसं झालं नाही.

दहावीच्या वर्षी बाईंनी संभाव्यता शिकवली. नाणं उडवायचं, छापा की काटा. मी वहीच्या मागच्या पानावर आमचं घर मांडलं. बाबा, काका, काकांचा मुलगा आणि माझा दादा, चौघांनीही कुलूप उघडलं. आत्या, काकांची मुलगी आणि माझी ताई, तिघींनाही उघडलं नाही. सातही वेळा नाणं बरोब्बर असंच पडायचं, तर एकशे अठ्ठावीसात एकदा. मी ते गणित तीनदा केलं.

घरात विचारलं तर सगळ्यांकडे एकच उत्तर. आई म्हणाली, "बायकांचे हात त्या कामाचे नसतात गं." हे म्हणताना ती सुईत दोरा ओवत होती, पहिल्याच फटक्यात ओवला.

मग मी डोळे उघडे ठेवले. दादाने आपलं कुलूप वीस मिनिटांत उघडलं होतं, ही गोष्ट तो आल्यागेल्याला सांगतो. एक दिवस त्याच बनावटीचं, त्याच मापाचं कुलूप घेऊन एक मास्तर आले. दादाला तास लागला. मधे दोनदा चहा झाला, मास्तर घड्याळ बघून बघून कंटाळले. सोळाव्या वर्षी वीस मिनिटं आणि चोविसाव्या वर्षी तास, हा कसला अनुभव?

दुसरं म्हणजे, परीक्षेचं कुलूप बाबा आधी दोन दिवस मागच्या खोलीत तयार करतात. दार लावून. सरळ कुलूप असेल तर त्याला तयार काय करायचंय? माझी परीक्षा जवळ आली तसं तेही दार लागायला लागलं. मी डबा घेऊन गेले की आतला खडखडाट थांबायचा आणि बाबा बाहेर येऊन उगाच अभ्यासाची चौकशी करायचे. त्यांनी आयुष्यात कधी माझ्या अभ्यासाची चौकशी केली नव्हती. पाणी कुठेतरी मुरत होतं.

पुरावा मात्र रोज माझ्या नजरेसमोर होता. आत्या आमच्याच शाळेत ग्रंथपाल. तिच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून एक पितळी कुलूप असतं, तिचंच. चौतीस वर्षांपूर्वीचं. आत्या हुशार, तोंडाने फटकळ, अख्खी शाळा तिला टरकून असते. पण फाटलेलं पान चिकटवायचं झालं की ती शिपायाला हाक मारते. "माझे हात म्हणजे मुसळं," असं हसत म्हणते. मी लहानपणापासून ते ऐकत आले आणि मलाही ते खरंच वाटायचं.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मी तिच्या घरी गेले आणि सरळ म्हटलं, "आत्या, तुझ्या कुलपाची फेरतपासणी करायची आहे."

"फौजदारबाई, त्याचं काय आता? वजन म्हणून चांगलं आहे."

"मी रिव्हेट कापून आत बघणार. पुन्हा जोडून देईन."

सुट्टीपुरतं शाळेतून घरी आणलेलं ते कुलूप तिने फळीवरून काढलं. मग आतून जुनं फडकं आणलं, कुलूप त्यात धरलं आणि म्हणाली, "काप. बघू दे मलाही, माझी अक्कल नक्की कुठे अडकली होती ती."

चार रिव्हेटांची डोकी कानशीने घासायला सव्वा तास लागला. आत्याने फडकं एकदाही ढिलं सोडलं नाही. वरचा पत्रा उचलला. आत पाच खटके एकावर एक. चार हलत होते. पाचव्याच्या बुडाशी कथलाचा एक थेंब होता, मसुराएवढा. खटका खालच्या पत्र्याला चिकटवून टाकलेला. दोन तारा सोडा, अस्सल किल्ली घातली असती तरी ते कुलूप उघडलं नसतं.

मी 'बघ, मी म्हणत नव्हते!' असं ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण आत्याकडे बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. ती त्या थेंबावर नखाने खरवडत होती.

"रात्रभर रडले होते मी तेव्हा," ती म्हणाली. "बाबा, म्हणजे तुझे आजोबा, माझ्या उशाशी बसून होते. डोक्यावरून हात फिरवत होते. म्हणत होते, असू दे बाळ, प्रत्येकाला सगळं जमत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "चौतीस वर्षं फाटकी पानं मी शिपायाकडून चिकटवून घेते. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं तरी कुणाच्या नावाने?"

मला आजोबांचा इतका राग आला की त्यांचा भिंतीवरचा फोटो उतरवून ठेवावासा वाटला. ते मला फार आवडायचे, म्हणून राग जास्त.

सुट्टीच्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा आत्या बरोबर होती. बाबांनी बाकावर स्वच्छ कापड घातलं होतं, त्यावर कुलूप, शेजारी दोन तारा. आत्याला बघून ते हसले. "अरे वा, भाचीचं कौतुक बघायला?"

"बस," असं मला म्हणाले.

मी बसले नाही. "बाबा, हे सरळ आहे?"

"म्हणजे?"

"आत कथील नाही ना?"

दादा कुणाच्या तरी किल्लीला कानस मारत होता, तो थांबला. बाबांचा चेहरा लाल झाला. "बापावर संशय घेतेस?"

"तुम्ही गिऱ्हाइकाला 'घर तुमचंच ना?' विचारता, तेव्हा त्याला राग आलेला तुम्हाला चालतो का?"

ते माझ्यावर ओरडणारच होते, पण तेवढ्यात आत्याने पिशवीतून आपल्या कुलपाचे दोन तुकडे काढले आणि त्या स्वच्छ कापडावर ठेवले. थेंब वर येईल असे. बाबांनी ते हातात घेतलेसुद्धा नाहीत. लांबूनच बघितले आणि खाली बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"भाऊ, तुला माहीत होतं?" आत्याने विचारलं.

"तेव्हा नव्हतं. नंतर सांगितलं बाबांनी."

"नंतर म्हणजे कधी?"

बाबांनी कापडाची सुरकुती सरळ केली. म्हणाले, "ते म्हणायचे, मुलगी उद्या दुसऱ्या घरी जाणार. हातातली विद्या तिकडे गेली तर दुकान बसेल. 'तुला देत नाही' असं तोंडावर म्हणायचा त्यांना धीर नव्हता. म्हणून हे."

"आणि ताईचं?" मी विचारलं.

"ताईचं मी केलं," बाबा म्हणाले. "पण ती शिकली ना त्यामुळे? परिचारिका झाली, नाव काढलं."

"ती कुलूप उघडूनही शिकली असती, बाबा. दादा नाही का शिकला?"

दादा एव्हाना उठला होता. त्याने भिंतीवरचं आपलं कुलूप काढलं, व्हाइसच्या जबड्यात आवळलं आणि रिव्हेट उडवले. आत पाच खटक्यांच्या जागी एकच खटका होता. एक! घरातलं मांजर पंजाने उघडेल असं. दादाने ते कितीतरी वेळ उलटंसुलटं करून बघितलं. आठ वर्षांच्या वीस मिनिटांच्या गोष्टी त्याच्या तोंडावर मावळत गेल्या. एरवी मी त्याला चिडवायची संधी सोडत नाही. त्या दिवशी सोडली.

"तुझं सरळ आहे," बाबा मला म्हणाले. आवाज अगदी उतरला होता. "शपथ घेतो. दोन दिवस तेच करत होतो. आधी चिकटवलं होतं. मग काढलं."

खरं असेलही. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. पण ते कुलूप उघडलं असतं तर मी म्हटलं असतं, सोपं केलं असेल. नाही उघडलं तर म्हटलं असतं, चिकटवलं असेल. जन्मभर रिव्हेट कापत बसले असते मी.

"ते नको," मी म्हटलं. "माझं मी निवडते."

गल्ल्याखाली एक टोपली असते, गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या, किल्ल्या हरवलेल्या कुलपांची. त्यात कुणी कधी हात घालत नाही. मी तळातून एक ओढून काढलं. काळं, जडशीळ, कुठल्यातरी गोदामाचं असावं. दादा म्हणाला, "वेडी आहेस का? ते बाबांनाही—" बाबांनी त्याला हाताने गप्प केलं.

मी बसले. तेल सोडलं, तारा घातल्या, डोळे मिटले. पहिला खटका साडेदहाला बसला. दुसरा लगेच. मग जेवणापर्यंत काहीच नाही. जेवायला घरी गेले तेव्हा कुलूप बरोबर नेलं, ताटाशेजारी ठेवलं. आई म्हणाली, "अगं, दुकानात कोण काय करणार आहे त्याला?" मी म्हटलं, "काही सांगता येत नाही या घराचं." आईला सकाळचं सगळं कळलं होतं. ती नुसतं वाढत राहिली.

तिसरा बसला तेव्हा चार वाजले होते. चौथा साडेपाचला. बोटं सुजली होती. बाबा दोनदा माझ्या मागे येऊन उभे राहिले. एकदा घसा खाकरला आणि म्हणाले, "ती डावी तार जरा..."

"सांगू नका!" मी ओरडले. ते मुकाट्याने मागे गेले.

आत्या सबंध दिवस गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसून होती. पुस्तक आणलं होतं, पान उलटलं नाही.

सात वाजता दादाने अर्धं शटर ओढलं. मी तार फिरवली, निसटली. चारही खटके एकदम खाली पडले, तो आवाज दुकानात सगळ्यांनी ऐकला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची म्हटलं तर वेळ संपली होती. मी कुलूप कापडावर ठेवलं.

"नाही उघडलं," मी म्हटलं, आणि मला हुंदका आला. मी खूप रडले. त्या रडण्यात कुणावर संशय घ्यायलाही जागा नव्हती. टोपलीत हात माझा होता, कुलूप माझं होतं, तार माझीच निसटली होती. आमच्या घरातली खरीखुरी नापास झालेली पहिली मुलगी मी.

बाबांनी मला रडू दिलं. मग ते काळं कुलूप हातात घेऊन वजन केल्यासारखं तोललं. "चार बसवलेस," ते म्हणाले. "मी इतकं जुनं कुलूप पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा दोनही बसले नव्हते. उद्यापासून दुपारी येत जा. पाचवा शिकवतो."

"पण उघडलं नाही ना मी."

"उघडता येत असतं तर शिकवायचं काय होतं?"

त्यांनी चेहरा असा ठेवला होता की खोटं बोलत असतील तर मला कळू नये. मी नीट निरखून बघितलं. काही सापडलं नाही, आणि मी 'येते' म्हटलं.

"आणि मी?" मागून आत्या म्हणाली.

दादाचा हात शटरवर तसाच राहिला. बाबा तिच्याकडे वळले. आत्याने कुणाच्या बोलण्याची वाट पाहिली नाही. ती गल्ल्याला वळसा घालून आत आली, मला "सरक" म्हणाली, बाकावर बसली आणि पदराने चष्मा पुसायला लागली.