मास्तरांचे चार आणि समुद्राचे चार

मी एक जुनी सफारीची गाडी आहे. आणि मित्रांनो, बढाई म्हणू नका, पण वीस वर्षांत माझ्यात बसलेला एकही माणूस काही न बघता घरी गेला नाही. सिंह म्हणाल तर सिंह, हत्ती म्हणाल तर अख्खा कळप. अरुशातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कारागिरांनी माझं छप्पर कापलं आणि त्यावर उचलायचं झाकण बसवलं. तेव्हापासून परदेशी पाहुणे सीटवर उभे राहून त्यातून डोकी बाहेर काढायचे, "वा! वा!" करायचे. मला वाटायचं, मलाच म्हणताहेत.

मग माझा रेडिएटर गळायला लागला. मला अंगणाच्या कोपऱ्यात ढकललं गेलं. दोन पावसाळे मी तिथे उभी होते. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालायची. तिने मात्र कधी तक्रार केली नाही.

तिथून मला मोशीच्या एलिसांते मास्तरांनी घरी आणलं. मास्तर चाळीस वर्षं भूगोल शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. जगातल्या सगळ्या नद्या त्यांना तोंडपाठ. माझे गिअर मात्र चारच, आणि तेही आठवायचे नाहीत.

"लांबून लांबून लोक विमानानं येतात आणि आपला देश बघून जातात," ते बायकोला म्हणाले. "आणि आपण इथे डोंगराखाली केळी सोलत बसलोय! ते काही नाही. आपण जायचं. ड्रायव्हर नको, गाईड नको. मी चालवणार."

"तुम्ही?" आयकांदेबाई म्हणाल्या. "परवा गाडी फाटकातून बाहेर काढलीत, तेव्हा फाटकही सोबत नेलं होतंत."

मास्तरांनी ऐकलं नाही. घरातल्या छोट्या फळ्यावर त्यांनी खडूनं चार शब्द लिहिले आणि तो फळा माझ्यात ठेवला. प्राणी, संस्कृती, डोंगर, समुद्र. एकेकावर बरोबरची खूण करायची, की सहल पुरी.

पण खरी ओढ होती ती न्देशी आजीला. न्देशी आजी म्हणजे मास्तरांची आई. वय ऐंशीच्या पुढे. तिचा नवरा तरुणपणी समुद्रकाठच्या टांगा नावाच्या बंदरावर हमाली करायचा आणि वर्षातून एकदा, नाताळात घरी यायचा. एका नाताळात त्यानं पाण्यानं भरलेली काचेची बाटली आणली. म्हणाला, "हा घे, तुझ्यासाठी समुद्र आणलाय." शेजारीण फिदीफिदी हसली. "समुद्र कसला! स्टेशनच्या नळाचं पाणी असेल, मूठभर मीठ टाकलेलं. सगळे नवरे असलेच." नवरा गेला, शेजारीण गेली. बाटली फळीवर राहिली, आणि आजीच्या मनात ते टोचत राहिलं. आपला माणूस खरं बोलला होता की नाही?

"मला दुसरं काही नको," आजी म्हणाली. "समुद्र चाखून बघायचा आणि ही बाटली चाखून बघायची. मग मी मरायला मोकळी."

मित्रांनो, मी मनातल्या मनात शपथ घेतली, या म्हातारीला मी समुद्रापाशी नेणारच. गाडीच्या शपथेला कोण विचारतो म्हणा.

पहिल्या दिवशी म्कोमाझीच्या जंगलात गेलो. सकाळपासून दुपारपर्यंत आम्हाला शेळ्या दिसल्या. त्याही गावातल्याच, वाट चुकलेल्या. वीस वर्षांची माझी अब्रू धुळीला मिळाली. मास्तरांनी झाकण उघडलं, सीटवर उभे राहिले आणि दुर्बीण लावून म्हणाले, "प्राणी हे धीराचं काम आहे."

तेवढ्यात प्राणी आले. पाच बबून माकडं झाकणातून थेट आत उतरली. आजीनं घरून केळ्यांचा घड आणला होता, तो त्यांनी ताब्यात घेतला. आजी बाटली छातीशी धरून ओरडत होती, "केळी न्या रे, पण एवढ्याला हात लावाल तर बघा!" एका धिप्पाड बबूनानं जाताना झाकणाची कडी उपटली आणि ती चावत झाडावर जाऊन बसला. मी काय करणार? हॉर्न वाजवावासा वाटला, पण तो दुसऱ्या कुणीतरी दाबावा लागतो.

"झाली प्राण्यांची खूण," मास्तर टोपी शोधत म्हणाले. टोपी बबूनानं घातली होती.

त्या दिवसापासून माझं झाकण बंद होईना.

संध्याकाळी सामे गावाजवळ माझा रेडिएटर उसळला. तिथल्या म्गोंजा मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि मास्तरांकडे निरखून बघितलं. मास्तर चाग्गा आणि मिस्त्री पारे. या दोन जमातींत एकमेकांची टर उडवायचा जुना हक्क आहे. चाग्गांना पैशाचे वेडे म्हणायचं, पारेंना कोर्टकचेरीचे. रागवायचं नाही, हाच नियम.

"चाग्गा दिसताय," मिस्त्री म्हणाला. "मग मला कशाला बोलावलंत? गाडीपुढे दोरीला एक नाणं बांधा. तुम्हीच ओढत न्याल तिला."

"आणि तू पारे," मास्तर म्हणाले. "तुझा पाना हरवला, तर गाय विकून कोर्टात जाशील."

"जाईन की! आणि जिंकेन. आजी, हा तुमचा मुलगा का? शिकलेला दिसतोय."

"शिकवायचा," आजी म्हणाली. "शिकला कधी ते मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अशीच टर चालली. मास्तरांना एका गावात नाच बघायचा होता, तो राहिला. मिस्त्रीनं भोकात साबण ठासला आणि बजावलं, "चढावर पाणी कमी होईल. ओतत राहा. हाताशी असेल ते ओता."

निघताना मास्तर म्हणाले, "इतका अपमान झाला, ही संस्कृतीच म्हणायची." आणि त्यांनी दुसरी खूण केली.

डोंगरात, लुशोतोला, पाऊस लागला. उघड्या झाकणातून तो आरामात आत आला. आयकांदेबाई माझ्या मागच्या सीटवर छत्री उघडून बसल्या होत्या. "गाडीत बसून छत्री धरणारी मी पहिलीच बाई असेन," त्या म्हणाल्या. "लिहा ना, लिहा तुमच्या फळ्यावर." डोंगर काही दिसला नाही, ढगच दिसले. तरी तिसरी खूण झाली.

आता खरी गोष्ट, मित्रांनो. आमच्याकडे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. पाहुण्यांच्या घड्याळात सकाळचे दहा वाजले, की आमचे चार होतात. मास्तरांचं घड्याळही पाहुण्यांसारखंच चालायचं, पण काटा दहावर आला, की ते 'चार' वाचायचे. मी वीस वर्षं पाहुण्यांनाही वाहिलं आणि ड्रायव्हरांनाही, म्हणून दोन्ही हिशेब मला पाठ.

लुशोतोचं अतिथिगृह परदेशी पाहुण्यांचं होतं. मास्तरांनी तिथल्या कारकुनाला विचारलं, "उद्या समुद्राला भरती कधी? आईला भरलेला समुद्र दाखवायचाय." कारकुनानं भिंतीवरचा पाहुण्यांचा तक्ता बघितला आणि चिठ्ठीवर लिहिलं : भरती ४.

"चारला," मास्तर चिठ्ठी खिशात घालत म्हणाले. "म्हणजे उन्हं चढायच्या आत. पहाटेच निघू."

अहो, ते पाहुण्यांचे चार! दुपारनंतरचे! मी थरथरले, धूर सोडला. मास्तर म्हणाले, "थंडीनं करतेय."

बरोबर आमच्या चार वाजता आम्ही पांगानीच्या पलीकडे किनाऱ्यावर पोचलो. आजीनं डोळे मिटून घेतले होते. "सांगा बरं, उघडू का?"

मास्तर खिशातली चिठ्ठी शोधायला लागले.

आजीनं डोळे उघडले. समोर चिखल होता. लांबच लांब, ओला, चमकणारा. त्यात होड्या आडव्या पडल्या होत्या आणि एक खेकडा चालला होता.

"हा समुद्र?" आजी म्हणाली.

"आई, चंद्राच्या आकर्षणामुळे—"

"कुठाय तो?"

"गेलाय," आयकांदेबाई म्हणाल्या. "मास्तर येणार म्हणून कळलं असेल त्याला."

आजी हसली नाही. तिनं बाटली पदराखाली घेतली. "त्यालाही असंच वाटलं असेल," ती हळूच म्हणाली. "समुद्र सापडला नसेल. मग नळावर भरली असेल बिचाऱ्यानं."

मास्तरांना ते सहन झालं नाही. "समुद्र येत नसेल तर आपण जाऊ!" असं म्हणून त्यांनी मला वाळूत घातलं. मित्रांनो, मी चिखलाला ओळखते. मी इंजिन बंद पाडलं, दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी ते पुन्हा चालू केलं. अर्धा मैल गेले आणि मग माझी चारही चाकं बसली.

काठीनं ऑक्टोपस शोधणारी एक बाई तिथे होती, म्वानाकोंबो नावाची. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कुठं निघालात, भाऊ?"

"समुद्राकडे."

"कशाला त्रास घेता? तोच येतोय की इकडे. दुपार कलली की इथं माझ्या डोक्यावर पाणी असेल."

मास्तरांनी चिठ्ठी दाखवली. ती वाचून म्वानाकोंबो खाली बसून हसली. "अहो, हे चार पाहुण्यांचे! मास्तर ना तुम्ही?"

मग धावाधाव झाली. मास्तर आणि आयकांदेबाई माणसं आणायला किनाऱ्याकडे पळाले. म्वानाकोंबो आजीला उतरवायला लागली, तर आजी हटून बसली. "पन्नास वर्षं वाट बघितली. आता तो येतोय, तर मी पळू?"

ती सीटवर चढली आणि न मिटणाऱ्या झाकणातून बाहेर बघत उभी राहिली. पाणी आलं. आधी वीतभर, मग चाकांवर, मग दारांतून आत. मी हलू शकत नव्हते, ओरडू शकत नव्हते. आजीचे पाय माझ्या सीटवर होते आणि सीट भिजत होती. माझ्या हातात एवढंच होतं की वाकडं व्हायचं नाही. ते मी केलं.

होडीवाले पोचले तेव्हा पाणी खिडकीशी होतं. आजी म्हणाली, "थांबा रे." तिनं वाकून ओंजळ भरली, चाखली. मग दातांनी बूच काढून बाटलीतला एक घोट घेतला. पुन्हा ओंजळ. पुन्हा घोट.

"खरं बोलला होता मेला," ती म्हणाली, आणि झाकणाच्या काठावर डोकं टेकून रडली. मास्तर होडीत उभे होते. त्यांनी त्या दिवशी चौथी खूण केली नाही. विसरलेच.

मी दोन भरत्या पाण्यात काढल्या. मग तीस माणसांनी दोर लावून मला ओढलं. आठ दिवस एका अंगणात माझे भाग वाळत पडले होते. आजी रोज समुद्रावर जायची आणि येताना बाटली काठोकाठ भरून आणायची, जुन्यात नवं मिसळून.

मित्रांनो, गाडीला बोलता येत नाही. म्हणून ती अडखळली, थरथरली, बंद पडली, तर तिला शिव्या घालण्याआधी क्षणभर थांबा. ती काहीतरी सांगत असेल. समुद्राचं मीठ अंगावर राहिलं, तर गोड्या पाण्यानं धुवा. आणि कुणी वेळ सांगितली, तर कुणाच्या घड्याळातली ते आधी विचारा.

परत येताना सामेच्या अलीकडच्या चढावर माझं पाणी संपलं. आजीला झोप लागली होती. मास्तरांनी तिच्या हातून सीटवर पडलेली बाटली उचलली आणि रेडिएटरमध्ये रिकामी केली.